छपरावरचे ऊन आणि घरातला अबोला

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या परिसरातील घरांच्या छपरांचे रूप झपाट्याने पालटत आहे. जेथे पूर्वी कौलांवर किंवा गच्चीवर सुकत घातलेली मासळी, पापड आणि मिरच्या दिसत, तेथे आता निळसर काळ्या सौर पॅनेलांच्या रांगा दिसू लागल्या आहेत. बंगल्यांच्या गच्च्यांवर, शाळांच्या इमारतींवर आणि काही धर्मग्रामांच्या सभागृहांवरही ही पॅनेले चढली आहेत. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असा तिचा व्याप आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान तीत ठरविण्यात आले. वीजबिलाने त्रस्त झालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हा मोठाच आधार वाटला, यात नवल नाही.

या योजनेचे स्वागत करीत असतानाच तिच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वरवर पाहता तो वायरमनचा प्रश्न आहे. परंतु कुटुंबाची लाखभर रुपयांची बचत, घराची सुरक्षितता आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. प्रश्न असा : घरात बसविलेला सौर इन्व्हर्टर आणि त्याच्या शेजारी बसविलेली लिथियम बॅटरी एकमेकांशी बोलतात काय? आणि बोलत नसतील, तर तो अबोला कोणी मोडावयाचा?

एका घरातील अनुभव

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक दांपत्य आहे. मुले परदेशी, घरात दोघेच. सरांना श्वासाचा त्रास असल्यामुळे रात्री ऑक्सिजनचे यंत्र लावावे लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने आपल्या किनारपट्टीला तडाखा दिला, तेव्हा वसईतील कित्येक घरांप्रमाणे याही घरात दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या आठवणीने धास्तावून त्यांनी पुढे निवृत्तीच्या पैशांतून पाच किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेतली. इन्व्हर्टर एका दुकानातून, बॅटरी दुसऱ्या विक्रेत्याकडून. दोन्ही वस्तू नामांकित, दोन्हींची कागदपत्रे चोख.

पहिल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असल्याचे दिसत होते. तरीही पंधरा मिनिटांत सारे घर काळोखात बुडाले आणि ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले. शेजाऱ्यांनी धाव घेतली म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरवाल्याने सांगितले, "सर, दोष बॅटरीत आहे." बॅटरीवाल्याने सांगितले, "सर, दोष इन्व्हर्टरमध्ये आहे." दोन महिने हीच टोलवाटोलवी चालली. प्रत्यक्षात दोन्ही यंत्रे निर्दोष होती. त्यांच्यात संवाद नव्हता, एवढाच काय तो दोष होता.

बॅटरी बदलली, स्वभाव बदलला

हा अबोला समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या घरांत वर्षानुवर्षे ॲसिडची बॅटरी होती. अधूनमधून तीत डिस्टिल्ड वॉटर ओतावे, टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी, आणि चार-पाच वर्षांनी भंगारवाल्याला देऊन नवी आणावी, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला होता. या बॅटरीचा स्वभाव सरळ असतो. वीज जसजशी संपते, तसतसा तिचा व्होल्टेज खाली येत जातो. इन्व्हर्टरने नुसता व्होल्टेज मोजला तरी आत किती वीज उरली आहे याचा त्याला बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यामुळे दोघांना वेगळे बोलण्याची गरजच भासत नसे.

लिथियम बॅटरीचे तसे नाही. घरगुती वापरासाठी आज प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची बॅटरी दिली जाते. तिच्या एका सेलचा व्होल्टेज साधारण ३.२ असतो. असे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्टची बॅटरी होते. ती १०० ॲम्पिअर-तासांची असेल, तर पूर्ण भरल्यावर तीत सुमारे पाच युनिट वीज मावते. ही बॅटरी ॲसिडच्या बॅटरीपेक्षा हलकी असते, अधिक वर्षे टिकते, आणि लिथियमच्या इतर काही प्रकारांहून उष्णतेला अधिक दाद देत नाही. तथापि तिचा एक गुण असा की, जवळजवळ भरलेली असताना आणि जवळजवळ रिकामी होत आली असताना, या दोन टोकांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात तिचा व्होल्टेज फारसा हलतच नाही. सत्तर टक्के भरलेली बॅटरी आणि चाळीस टक्के भरलेली बॅटरी व्होल्टेजवरून ओळखणे जवळपास अशक्य असते. मग केवळ व्होल्टेज पाहून इन्व्हर्टरने पडद्यावर दाखविलेला आकडा हा अंदाजच असतो, आणि तो बहुधा चुकतो. शिक्षकांच्या घरात पडद्यावर दिसलेली निम्मी वीज अशीच अंदाजातली होती.

बॅटरीला स्वतःची खरी स्थिती ठाऊक असते. तिच्या पेटीत बीएमएस नावाचे एक मंडल बसविलेले असते. बॅटरीची ही व्यवस्थापन यंत्रणा प्रत्येक सेलचा व्होल्टेज, आत-बाहेर जाणारा प्रवाह आणि तापमान सतत मोजते. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर जाऊ लागला, फार खाली उतरला किंवा तापला, तर ती बॅटरीचा मार्गच तोडून टाकते. शिक्षकांच्या घरात त्या रात्री हेच घडले. बॅटरीने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दार लावून घेतले, आणि इन्व्हर्टरला त्याची पूर्वसूचना नव्हती.

संवादात नेमके काय बोलले जाते?

दोन्ही यंत्रे तारेने नीट जोडली, तर बॅटरी इन्व्हर्टरला साधारण दर सेकंदाला काही गोष्टी कळवीत राहते. मला जास्तीत जास्त किती व्होल्टेजपर्यंत भर. या क्षणी मी किती ॲम्पिअर घेऊ शकते आणि किती देऊ शकते. माझ्यात किती टक्के वीज शिल्लक आहे. माझी प्रकृती नव्या बॅटरीच्या तुलनेत किती टक्के उरली आहे. माझे तापमान काय. एखादी धोक्याची सूचना आहे काय. आणि शेवटी, भरण्यास परवानगी आहे की नाही, वीज काढण्यास परवानगी आहे की नाही. इन्व्हर्टरने या मर्यादा पाळावयाच्या असतात. बॅटरी भरत आली की ती घेण्याचा प्रवाह कमी कमी सांगते आणि इन्व्हर्टरही हात आखडता घेतो. बॅटरी संपत आली की इन्व्हर्टर वेळीच इशारा देतो किंवा बाहेरून वीज घेतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या संवादाचे महत्त्व विशेष आहे. जून-जुलैत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. अशा वेळी बॅटरी पूर्ण भरतच नाही. पूर्ण भरण्याच्या टप्प्यावरच बीएमएस सर्व सेलांना एका पातळीवर आणते आणि स्वतःचा हिशेबही सुधारून घेते. ती संधी न मिळाल्यास हिशेबात चूक साठत जाते. अनेक बॅटऱ्या अशा वेळी इन्व्हर्टरला सांगतात की, आता महावितरणच्या विजेवर का होईना, पण मला भर. ही विनंती ऐकणारा कोणी नसेल, तर श्रावण येईपर्यंत बॅटरी आजारी पडलेली असते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. संवाद नसला म्हणजे लगेच आग लागते, असे मुळीच नाही. बीएमएस आपले संरक्षणाचे काम तारेविनाही करीतच असते. परंतु हे संरक्षण शेवटचे असते. घराला अग्निशामक सिलिंडर असतो म्हणून कोणी रोज चूल पेटती सोडून जात नाही. जी व्यवस्था क्वचित वापरावयाची, ती दर रात्री वापरली जाऊ लागली, तर तिची झीज होते. शिवाय पॅनेले जोमाने वीज देत असताना बॅटरीने अकस्मात दार लावले, तर ती वीज जाण्यास जागा न उरून इन्व्हर्टरमधील व्होल्टेज एकदम उसळतो, आणि त्यात इन्व्हर्टर बंद पडणे किंवा बिघडणे संभवते. इन्व्हर्टरमध्ये जुन्या ॲसिडच्या बॅटरीची मांडणी तशीच राहून गेली असेल, तर तो सर्व सेल समान करण्याच्या हेतूने मधूनमधून बॅटरीला ५८ व्होल्टच्याही वर नेऊ पाहतो. ॲसिडच्या बॅटरीला ते औषध असते, लिथियमला ते अपथ्य ठरते.

खाच एक, भाषा अनेक

मग ही यंत्रे बोलत का नाहीत? इन्व्हर्टर आणि बॅटरी या दोहोंवर संवादासाठी जी खाच असते, ती बहुधा घरातील इंटरनेटच्या केबलीची, म्हणजे आरजे-४५ नावाची आठ तारांची खाच असते. केबल तीत सहज बसते. 'बसली म्हणजे जुळली' असे वाटते, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो.

पहिली अडचण तारांच्या जागांची. आठांपैकी कोणत्या दोन तारांवरून बोलावयाचे हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवितो. पायलॉनटेक या चिनी कंपनीच्या यूएस मालिकेतील बॅटऱ्यांत कॅन संवादाच्या तारा चौथ्या व पाचव्या जागी असतात. व्हिक्ट्रॉन या डच कंपनीच्या उपकरणांत त्याच तारा सातव्या व आठव्या जागी असतात. साधी केबल लावली तर या दोघांची गाठच पडत नाही. व्हिक्ट्रॉनने त्यासाठी टाइप ए आणि टाइप बी अशा दोन निराळ्या केबली काढल्या आहेत.

दुसरी अडचण मार्गाची. कॅन हा मार्ग बॉश कंपनीने मोटारगाड्यांतील यंत्रांच्या आपसांतील संभाषणासाठी तयार केला आणि १९८६ मध्ये जगापुढे मांडला. आरएस-४८५ हा कारखान्यांतील यंत्रांसाठी रूढ झालेला दुसरा मार्ग. त्यावर बहुधा मॉडबस ही १९७९ मधील भाषा बोलली जाते. घरगुती बॅटऱ्यांत कॅनचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला पाच लाख बिट असतो, तर आरएस-४८५ वर ९,६०० बिट हा वेग वारंवार आढळतो. एकाने कॅनवरून बोलावे आणि दुसऱ्याने आरएस-४८५ वर कान लावून बसावे, असे झाले तर संवाद कसा घडणार?

तिसरी अडचण भाषेची. मार्ग एक असला तरी शब्द निराळे असू शकतात. कोणत्या क्रमांकाच्या संदेशात कोणती माहिती, आकडा दहाने गुणून पाठवावयाचा की शंभराने, उणे-अधिक चिन्ह कोणत्या दिशेच्या प्रवाहाला, हे सारे उत्पादकच ठरवितो. प्रत्यक्ष बाजारात यातून एक प्रकारची बोली तयार झाली आहे. जर्मनीच्या एसएमए कंपनीच्या सनी आयलंड इन्व्हर्टरची आणि पुढे पायलॉनटेकची संदेशरचना इतकी रूढ झाली की, आज कित्येक बॅटऱ्या 'आम्ही पायलॉनटेकच आहोत' असे सांगून इन्व्हर्टरशी बोलतात. ही बोली बाजाराच्या सोयीतून आली. कोणत्याही मानक संस्थेने ती ठरविलेली नाही. त्यामुळे दोन्ही यंत्रांच्या पडद्यांवर 'पायलॉनटेक' निवडले तरी एखादी धोक्याची सूचना एका बाजूने दिली जाते आणि दुसऱ्या बाजूला ती कळत नाही, असेही घडते. बाबेलच्या मनोऱ्यापाशी विटा रचणाऱ्यांची जी गत झाली, तीच या दोन पेट्यांची होते.

चौथी अडचण लहानसहान गोष्टींची. बॅटरीवर बारीक खटके असतात, त्यांवरून तिचा क्रमांक आणि भाषा ठरते. दोन-तीन बॅटऱ्या एकत्र असतील, तर एकीला मुख्य ठरवावे लागते आणि इन्व्हर्टरने तिच्याशीच बोलावयाचे असते. कॅनच्या तारेला दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो. सर्व बंद असताना दोन तारांमध्ये मीटर लावला, तर ६० ओहमच्या आसपास आकडा यावयास हवा. तो १२० आला, तर एका टोकाचा रोध गळला आहे असे समजावे. इतके सोपे निदान आहे, परंतु ते करण्यास शिकविलेला माणूस गावात असला पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेचा धडा

हा प्रश्न आपल्या आधी ज्यांनी भोगला, त्यांच्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम या सरकारी वीजकंपनीचे भारनियमन २०२२ आणि २०२३ मध्ये कळसाला पोहोचले. दिवसाचे कित्येक तास वीज नसे. लोकांनी मिळेल तो इन्व्हर्टर आणि मिळेल ती लिथियम बॅटरी विकत घेतली. तेथील सरकारने १ मार्च २०२३ ते २९ फेब्रुवारी २०२४ या वर्षासाठी सौर पॅनेलांच्या खर्चाच्या २५ टक्के, कमाल १५,००० रँड, इतकी करसवलत दिली. ही सवलत फक्त पॅनेलांना होती, इन्व्हर्टर आणि बॅटरी तीत नव्हत्या.

अंधार टाळण्यासाठी लोकांना हव्या होत्या बॅटऱ्या, आणि सवलत मिळाली पॅनेलांना. घाईने जोडलेल्या पेट्यांची भाषा जुळविण्याचे काम मग एकेका कुटुंबाने आणि एकेका कारागिराने आपापल्या बळावर केले. जाणते कारागीर तेथे हळूहळू तयार झाले, पण शिकण्याची फी ग्राहकांनी भरली.

आपली स्थिती याहून फार निराळी नाही. सूर्यघर योजनेचे अनुदान पॅनेलांच्या क्षमतेवर ठरते. बॅटरी घेतली म्हणून त्यात वाढ होत नाही. शिवाय योजनेखाली बसणारे बहुतेक साधे इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होतात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तसा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु 'छपरावर एवढे ऊन असूनही घरात पंखा का फिरत नाही?' असे आश्चर्य करणारी माणसे आम्हांला वारंवार भेटतात. तीच पुढे बॅटरीच्या दुकानाकडे वळतात.

आता धोरणही त्याच दिशेने जात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सौरऊर्जेच्या निविदांमध्ये प्रकल्पाच्या क्षमतेच्या दहा टक्के इतकी, दोन तासांची साठवण असावी, असा सल्ला दिला. वितरण कंपन्यांनी छपरावरील संचांसाठीही दोन तासांच्या साठवणीची अट घालण्याचा विचार करावा, असेही त्यात सुचविले. कारण उघड आहे. दुपारी सौर वीज उतू जाते आणि संध्याकाळी दिवेलागणीला तिचा तुटवडा पडतो. आज हौसेची असलेली बॅटरी उद्या सक्तीची झाली, तर आज हजार घरांत असलेला अबोला उद्या लाख घरांत जाईल.

जबाबदारी कोणाची?

उत्पादकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही ठरावीक इन्व्हर्टरबरोबर आमची बॅटरी तपासून पाहिलेली असते, आणि हमी तेवढ्याच जोडीची देता येते. कोणाही अनोळखी यंत्राशी जोडून काही बिघडले, तर दोष आमच्या माथी का? या म्हणण्यात तथ्य आहे. तपासलेल्या जोड्यांची यादी प्रसिद्ध करणे ही प्रामाणिक पद्धतच आहे.

परंतु याच युक्तिवादाच्या आडोशाने दुसरा व्यवहारही चालतो. भाषा गुप्त ठेवली की ग्राहकाला पुढची बॅटरीही आपल्याकडूनच घ्यावी लागते. इन्व्हर्टर दहा वर्षे चालणारा, बॅटरीही तितकीच. मध्येच कंपनीने ते नमुने बंद केले किंवा गाशा गुंडाळला, तर उरलेला चांगला अर्धा भाग भंगारात जातो. कुटुंबाचे पैसे बुडतात आणि लिथियम बॅटरीचा कचरा वाढतो, तो निराळाच. ज्या यंत्राने पर्यावरण राखावयाचे, त्याचीच अशी गत व्हावी, हे आम्हांस खेदजनक वाटते.

सुरक्षिततेची मानके आहेत, नाही असे नाही. लिथियम सेल व बॅटरी यांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६२६१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. परंतु बॅटरी सुरक्षित आहे काय, एवढेच ते पाहते. तिने शेजारच्या इन्व्हर्टरशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ते ठरवीत नाही. इन्व्हर्टरने वीजजाळ्याशी कसे बोलावे याबाबत अमेरिकेत २०१८ च्या आयईईई १५४७ या मानकाने ठरावीक भाषांची अट घातली. म्हणजे इन्व्हर्टरचे एक तोंड मानकाने मोकळे करविले. बॅटरीकडचे तोंड मात्र बाजारावर सोडलेले आहे.

हे बदलता येत नाही असे नाही. मोबाइलच्या चार्जरचे उदाहरण घरोघरी ठाऊक आहे. एकेकाळी प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती. युरोपीय संघाने कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना यूएसबी-सी ही एकच खाच सक्तीची केली, आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्याच संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने स्थिर साठवण बॅटऱ्यांच्या बीएमएसमधील प्रकृतीविषयक माहिती मालकाला पाहता आली पाहिजे, असा दंडक १८ ऑगस्ट २०२४ पासून लागू केला. माहिती यंत्रात असली तरी ती मालकाची आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

आपल्याकडेही पूर्वोदाहरण आहे. २०२२ मध्ये विजेवरच्या स्कूटरींना आगी लागण्याच्या घटना घडल्या, आणि मग एआयएस-१५६ या मानकात बीएमएसविषयीच्या कडक अटी आल्या. दुर्घटना आधी आणि नियम नंतर, हा आपला जुना क्रम आहे. घरगुती बॅटरीच्या बाबतीत तरी तो उलटावा, अशी आमची अपेक्षा आहे. भारतीय मानक ब्युरोने बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या संवादासाठी किमान एक खुली भाषा आणि तारांची एकच मांडणी ठरवावी. कंपनीने आपल्या खास सोयींसाठी दुसरी भाषा जरूर ठेवावी, पण मर्यादा, शिल्लक वीज आणि धोक्याच्या सूचना एवढे तरी सर्वांना समजेल असे बोलले गेले पाहिजे. अनुदानाच्या यादीत ज्यांची नावे यावयाची, त्या उत्पादकांना ही अट घालणे शासनाच्या हातात आहे.

मोकळ्या भाषेबरोबर कुलपाचाही विचार व्हावा. आजचे बहुतेक इन्व्हर्टर वायफायवरून परदेशातील संगणकांशी जोडलेले असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतील इन्व्हर्टर दूरवरून बंद केले गेल्याच्या बातम्या आल्या. घरातल्या घरात, तारेवरून होणारा संवाद इंटरनेटविना चालतो, आणि तो तसाच चालावयास हवा.

आपण काय करावे?

नियम होतील तेव्हा होतील. तोपर्यंत खरेदीस निघालेल्या वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. इन्व्हर्टर आणि बॅटरी शक्यतो एकाच विक्रेत्याकडून घ्यावी आणि दोन्ही मिळून चालण्याची जबाबदारी त्याच्याकडून लेखी घ्यावी. 'चालेल हो' हा शब्द पावतीवर लिहून मिळत नसेल, तर त्याची किंमत ओळखावी.

२. बॅटरीच्या कंपनीच्या यादीत आपल्या इन्व्हर्टरचा नेमका नमुना आहे काय, ते पाहावे. कंपनीचे नाव एक असले तरी नमुन्यागणिक फरक असतो.

३. संवादाची केबल कोणी द्यावयाची, ती कोणत्या खाचेत लावावयाची आणि इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा कोणता प्रकार निवडावयाचा, हे बसविणाऱ्याकडून लिहून घेऊन इन्व्हर्टरशेजारी चिकटवून ठेवावे.

४. काम संपल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. बॅटरीवरील टक्के आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरील टक्के सारखे आहेत काय? मग संवादाची केबल काढून पाहावी. इन्व्हर्टरने काही वेळात सूचना दिली पाहिजे. केबल काढूनही त्याला काहीच कळले नाही, तर तो मुळात ऐकतच नव्हता. ही परीक्षा बसविणाऱ्याच्या समक्षच व्हावी, आणि जाड वीजतारांना आपण हात लावू नये.

५. जुन्या इन्व्हर्टरला संवादाची सोयच नसेल, तर त्यात बॅटरीच्या माहितीपत्रकाप्रमाणे मर्यादा हाताने भराव्या लागतात. १६ सेलांच्या बॅटरीसाठी भरण्याचा व्होल्टेज साधारण ५६ च्या आसपास ठेवतात, सेल समान करण्याची सोय बंद करतात, आणि बॅटरीने दार लावण्याच्या आधीच इन्व्हर्टर थांबेल इतपत खालची मर्यादा उंच ठेवतात. ही तडजोड आहे, पण डोळसपणे केलेली तडजोड अज्ञानापेक्षा बरी.

६. ज्यांच्या घरी ऑक्सिजन किंवा तत्सम यंत्र आहे, त्यांनी केवळ या एका व्यवस्थेवर विसंबू नये. भरलेला सिलिंडर जवळ असू द्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट कारागिरांची. पॅनेल चढविणारी मुले आज गावोगावी आहेत. संवाद जुळवून देणारी मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आपल्या तांत्रिक शाळा आणि आयटीआय यांनी या विषयाचे आठ-पंधरा दिवसांचे वर्ग घेतले, तर अनेक तरुणांना गावातच काम मिळेल. शेतीवाडी आणि मासेमारी यांतून बाहेर पडून रोज गाडीला लोंबकळत मुंबई गाठणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे काम दाराशी चालून आलेले आहे. धर्मग्रामांच्या सभागृहांवर आणि शाळांवर जेथे संच बसले आहेत, तेथेच हे शिक्षण हाताने करून देता येईल.

शिक्षकांच्या घरातील अबोला अखेर असाच मिटला. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आज इलेक्ट्रिशियन आहे, दोन्ही माहितीपत्रके रात्री बसून वाचली. इन्व्हर्टरच्या खाचेतील तारा ज्या जागी होत्या, त्या जागी बॅटरीच्या नव्हत्या. त्याने केबलीच्या एका टोकाची पिन कापून तारा योग्य क्रमाने नव्याने बसविल्या, बॅटरीवरील एक खटका हलविला आणि पडद्यावर भाषा बदलली. तासाभराचे काम होते. पिनेची किंमत दहा रुपयेही नव्हती. दोन्ही पडद्यांवर एकच आकडा उमटला, तेव्हा सरांनी त्याला विचारले, "अरे, हे त्या दोघांना का सुचले नाही?" तो म्हणाला, "सर, दोघांनी आपापलेच पुस्तक वाचले होते."

या प्रश्नाचे सारे मर्म त्या उत्तरात आहे. इन्व्हर्टर बनविणारा, बॅटरी बनविणारा, अनुदान देणारा आणि मानके ठरविणारा, प्रत्येकाजवळ आपापले पुस्तक आहे. ती सारी एकत्र उघडून बसण्याचे काम अद्याप कोणीही अंगावर घेतलेले नाही. ते घेतले जाईपर्यंत त्याची किंमत निवृत्तीच्या पैशांतून आणि काळोख्या रात्रींतून वसूल होत राहणार. म्हणून खरेदीच्या आधी विचारावे, लेखी मागावे, आणि मिळत नसेल तर थांबावे. ऊन काही कोठे पळून जात नाही.